विरळ नाव, सुलभ उच्चार : मुलग्यांच्या नामकरणातील एक द्वंद्व

मुलाचे नाव ‘वेगळे’ असावे आणि ते ‘सहज उच्चारता’ यावे, या दोन अपेक्षा आजच्या मराठी मध्यमवर्गात एका दमात बोलून दाखविल्या जातात. वस्तुतः त्यांची कुळे भिन्न आहेत. पतंजलीने महाभाष्याच्या पस्पशाह्निकात व्याकरणाध्ययनाची प्रयोजने सांगताना मुलाच्या नावाचा दाखला घेतला आहे : नावाचा आरंभ घोषवर्णाने व्हावा, मध्ये अंतःस्थ असावा, अक्षरे दोन किंवा चार असावीत, ते कृदन्त असावे, तद्धितान्त नसावे. नादाचा विचार येथे काटेकोर आहे. वेगळेपणाची हौस मात्र मुळीच नाही. नाव मागील तीन पिढ्यांशी नाते सांगणारे हवे, ही अट तर आजच्या अपेक्षेच्या नेमकी उलट आहे. मनुस्मृतीत ‘सुखोद्य’, म्हणजे सुखाने उच्चारता येणारे, हा निकष आढळतो, पण तो स्त्रियांच्या नावांसाठी. पुरुषांच्या नावात उच्चारापेक्षा वर्ण पाहिला गेला आणि शूद्राचे नाव जुगुप्सित असावे असे सांगितले गेले.

या शेवटच्या विधानाची सावली मराठी नावांवर दीर्घकाळ पडलेली आहे. दगडू, कचरू, केरू, भिकू ही नावे दोन वाटांनी आली. मूल जगत नाही म्हणून दृष्ट लागू नये यासाठी मुद्दाम ठेवलेले क्षुद्र नाव ही एक वाट. ती सर्व जातींत होती. धोंडो हे नाव ब्राह्मण घरांतही सर्रास आढळते. दुसरी वाट लादलेल्या हीनतेची. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) मध्ये सुशिक्षित लेखकासमोर ‘दगडू मारुती पवार’ उभा राहतो, तेव्हा नाव हा आत्मचरित्राचा केवळ तपशील न राहता त्याचा आकृतिबंध होतो. अशा नावांना निव्वळ ‘जुनाट’ म्हणून बाजूला सारणाऱ्या समीक्षेला या दोन वाटांतील अंतर दिसलेले नसते.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर राहुल, सिद्धार्थ, गौतम, मिलिंद ही नावे दलित वस्त्यांत घरोघरी गेली. येथे नवे नाव ही हौस नव्हती. त्यांतील ‘मिलिंद’ विशेष लक्षणीय आहे. मिनँडर या ग्रीक राजाचे नाव पालीच्या जिभेवर घडून ‘मिलिंद’ झाले; डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) १९५० मध्ये सुरू केलेल्या महाविद्यालयाला ते मिळाले. आणि पुढे जातींच्या सीमा ओलांडून ते सर्वांचेच झाले. विरळ आणि सुलभ या दोन्ही कसोट्यांवर उतरणारे याहून चांगले उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल. मात्र त्यामागे नामसूची नव्हती, एक ग्रंथ आणि एक चळवळ होती.

परप्रांतात रुजलेल्या मराठी घराण्यांनी हा प्रश्न पूर्वीच अनुभवला आहे. शाह शरीफ या पीराच्या नावावरून मालोजी भोसल्यांनी मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली अशी परंपरा आहे. ‘सरफोजी’चा संबंधही याच शरीफजीशी जोडला जातो. तमिळ लिपीत ‘फ’ नाही. तंजावरात या नावाचे ‘शरभोजी’ झाले आणि पुढे ‘शरभेंद्र’ असा संस्कृत साजही त्याला चढला. पीराच्या नावापासून शरभापर्यंतचा हा प्रवास कोणा कोशकाराने आखला नव्हता, तो उच्चाराने घडविला.

आजच्या पालकाला हा प्रवास नको असतो. नाव सर्वत्र एकसारखे उच्चारले जावे, असे त्याला वाटते. ही अपेक्षा भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिकणे कठीण आहे. ‘यज्ञेश’मधील ‘ज्ञ’ मराठीत ‘द्न्य’, हिंदीत ‘ग्य’, गुजरातीत ‘ग्न’ असा निघतो. ‘ऋतुराज’चा ‘ऋ’ मराठी माणूस ‘रु’ म्हणतो, हिंदी भाषक ‘रि’. ‘वेद’ हे दोन अक्षरांचे नाव कोलकात्यात ‘बेद’ होते. रवींद्रनाथांनी सुचविलेले ‘अमर्त्य’ हे नाव आपण ज्या रीतीने वाचतो त्या रीतीने खुद्द बंगालीत उच्चारले जात नाही. तेथे ते ‘ओमोर्तो’च्या जवळ जाते. नावाच्या थोरवीला त्यामुळे बाध आल्याचे दिसत नाही. तेव्हा सुलभ म्हणजे कोणाच्या जिभेला सुलभ, हा प्रश्न आधी विचारावयास हवा. तो न विचारता निवड झाली की ‘ळ’ पहिल्यांदा गळतो, मग दंततालव्य ‘च’. गोपाळ आणि चांगदेव यादीतच येत नाहीत. गंमत अशी, की कन्नड, तेलुगू, तमिळ, गुजराती या भाषांना ‘ळ’ची काहीच अडचण नाही, अडचण आहे ती प्रमाण हिंदीला आणि रोमन लिपीला.

नावांच्या पुस्तिका या घसरणीला हातभार लावतात. ‘आरव’चा अर्थ त्यांतून ‘शांत’ असा छापला जातो. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, आरोळी. ‘अनीश’ म्हणजे ज्याच्यावर स्वामी नाही तो, हे खरे. परंतु ‘दुबळा, सत्ताहीन’ हाही अर्थ कोशात आहे आणि पुस्तिका तो गाळतात. गोड नाद आधी ठरवून अर्थ मागाहून शिवण्याची ही रीत आहे. पतंजलीच्या कृदन्ताच्या अटीमागे निदान धातू माहीत असण्याची अपेक्षा होती.

भालचंद्र नेमाडे यांच्या कादंबऱ्यांतील नायक पांडुरंग, चांगदेव, खंडेराव या नावांनी वावरतात, हे या संदर्भात अर्थपूर्ण आहे. शहरी मराठी घरे जी नावे टाकत होती, तीच कादंबरीने नायकांसाठी राखली. वाचकांनी नायक स्वीकारले. नावे मात्र पाळण्यात परतली नाहीत.

ज्या कुटुंबांनी दिल्लीतील सोयीसाठी मुलाच्या नावातून ‘ळ’ वगळला, त्यांच्या आडनावांत तो बहुधा कायम आहे. आणि हजेरीपटावर काळे ‘काले’ होतात, साळवी ‘सालवी’.