दख्खनच्या दंग्याचे दप्तर : नगरच्या बाजूने एक परीक्षण

अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, नाव निघाले की आमच्या संग्राहक मित्रांच्या डोळ्यांपुढे निजामशाही फर्माने, मराठेशाहीतील खलिते आणि फार तर 1942 नंतर भुईकोट किल्ल्यात राष्ट्रीय नेत्यांनी काढलेला बंदिवास उभा राहतो. या गोष्टींचा मान आम्ही कमी लेखीत नाही. परंतु याच जिल्ह्यातील रयतेने 1875 साली सावकारीविरुद्ध जो उठाव केला, त्याची कागदपत्रे जमविण्याचा उत्साह फारसा दृष्टीस पडत नाही. ‘दख्खनचे दंगे’ या नावाने तो उठाव प्रसिद्ध आहे, आणि त्याचे मुख्य साधन म्हणजे सरकारने नेमलेल्या कमिशनचा अहवाल होय. 1878 साली तो ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवण्यात आला. त्यातील सिद्धान्तांची चर्चा पुष्कळ झाली आहे. कागदपत्रांचा संग्रह या नात्याने त्याची योग्यता काय, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम हकीकत थोडक्यात सांगतो. डिसेंबर 1874 मध्ये घोडनदीच्या पलीकडे, शिरूर तालुक्यातील करडे गावी, रयतेने सावकारांवर बहिष्कार घातला. पुढे ता. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या गावी लोक जमले आणि त्यांनी सावकारांच्या वह्या व खते हिसकावून भर रस्त्यात जाळली. तेथून हे लोण नगर जिल्ह्यात आले. पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत हे तालुके त्यात सापडले. दोन्ही जिल्ह्यांत मिळून तीसहून अधिक गावी उपद्रव झाला. लोकांचा रोख मुख्यतः मारवाडी व गुजर सावकारांवर होता. पण त्यांच्या जिवापेक्षा त्यांच्या दप्तरावर अधिक होता. जेथे सावकाराने खते व हुकूमनामे मुकाट्याने स्वाधीन केले, तेथे बहुधा पुढे काही झाले नाही, असे सरकारी हकीकतीच सांगतात. इतिहासात राजवाडे जळाले, देवळे जळाली. येथे मात्र कागद जाळण्यासाठीच लोक उठले. तेव्हा या उठावाचा अभ्यास कागदाच्या अभ्यासकाने करावा, हे योग्यच होय.

आता अहवालाचे गुण पाहू. त्यात रयत व सावकार या दोघांच्याही जबान्या आहेत, जिल्हाधिकाऱ्यांची निवेदने आहेत, आणि साऱ्याचे दर, बाजारभाव व व्याजाचे दर यांची कोष्टके आहेत. एका ठिकाणी तर शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज आकारल्याचे नमूद आहे. अमेरिकेतील यादवीच्या काळात, 1861 ते 1865 पर्यंत, कापसाला भाव चढले, सावकारांनी हात सैल सोडला; युद्ध संपताच भाव पडले, पत आटली, आणि 1867 पासून फेरपाहणीत सारा मात्र वाढला. ही कारणपरंपरा जुळविण्यास लागणारी सामग्री अहवालात आहे. इतका तपशील एका ठिकाणी देणारा दुसरा ग्रंथ त्या काळच्या दख्खनविषयी क्वचितच आढळेल.

परंतु संग्रह म्हणून त्यात दोन मोठी वैगुण्ये आहेत. पहिले असे की, संग्रह करणारा पक्ष स्वतःच वादातील एक पक्ष होता. साऱ्याचा बोजा हे दंग्याचे कारण आहे किंवा कसे, हा प्रश्न कमिशनपुढे मुद्दाम ठेवला होता. आणि निर्णय असा झाला की दोष साऱ्याचा नसून सावकाराचा. सरकारने सरकारची चौकशी केली म्हणजे निकाल काय लागावयाचा, हे वाचकांस सांगावयास नको. तथापि कमिशनचे एक सभासद ऑकलंड कॉल्व्हिन यांनी सारावाढीवर वेगळे टिपण लिहून ठेवले आहे. जो निकाल एका सभासदासही पुरता पटला नाही, तो आम्ही डोळे मिटून का मानावा?

दुसरे वैगुण्य आम्हांस अधिक बोचते. जबान्या देणारे लोक मराठी बोलणारे, त्यांच्या अर्जांची भाषा मराठी, लिपी मोडी. आणि छापून निघाले ते इंग्रजी भाषांतर. कर्जत तालुक्यातील मिरजगावच्या एका रयताने नगरच्या कलेक्टरास केलेला अर्ज या संग्रहात आहे. त्याचा मथितार्थ असा : घरखर्च भागत नाही म्हणून सावकाराकडे कापड व धान्य मागावे लागते, तो रोखीच्या भावाहून सव्वापट, दीडपट दर लावतो व खतात कडक अटी घालतो, शेतातील माल उचलून नेतो, तो जमा धरू म्हणतो, पण वहीत जमा धरीत नाही, आणि नेलेल्या मालाची पावती देत नाही. या शेवटच्या तक्रारीकडे आम्ही वाचकांचे लक्ष विशेष वेधू इच्छितो.

निरक्षर कुणब्याने न समजणाऱ्या कागदावर राग काढला, असे वर्णन वारंवार केले जाते. मिरजगावचा अर्ज ते खोटे पाडतो. ज्या रयतेने खते जाळली, ती रयत पावती मागत होती. देणे दाखविणारा कागद सावकारापाशी होता. फेड दाखविणारा कागद कोणापाशीच नव्हता. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने खताची मुदत तीन वर्षांवर आणली, ती रयतेच्या हितासाठी. सावकाराने दर तीन वर्षांनी नवे खत करून घेण्याचा परिपाठ ठेवला. मागील व्याज नव्या खतात मुद्दल होऊन बसे, आणि दामदुपटीची जुनी मर्यादा कागदोपत्री मोडली न दिसता प्रत्यक्षात मोडत असे. न्यायाधीशापुढे येई तो शेवटचा कागद. त्याच्या आधीचे कागद आणि न लिहिलेल्या पावत्या येत नसत. तात्पर्य, रयतेचे भांडण लेखनाशी नव्हते, एकतर्फी लेखनाशी होते.

याला दोन पुरावे अधिक देतो. इंदापूर तालुक्यातील कळसच्या रयतेने बहिष्काराचे करारपत्र लेखी केले होते. गुजरांची जमीन कोणी कसू नये, कोणी त्यांची चाकरी करू नये, अशा आशयाचा तो कागद होय. म्हणजे आपला निश्चय कागदावर उतरविण्याची रीत या लोकांस ठाऊक होती. दुसरा पुरावा सरकारी आहे. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांकरिता 1879 साली जो कायदा झाला, त्यात गावनोंदणी कामगारापुढे खत करण्याची, कर्जदारास पावती देण्याची व हिशेबाचा उतारा देण्याची तजवीज केली आहे. निकाल काहीही लिहिला असो, उपाय योजताना सरकारने मिरजगावकराचेच म्हणणे मान्य केले.

पुढील काळातील अभ्यासकांचा वादही याच ग्रंथाभोवती फिरतो. रवींदर कुमार यांनी 1968 च्या आपल्या ग्रंथात हा उठाव ग्रामसमाजातील खोल फेरबदलाचे लक्षण मानला. नील चार्ल्सवर्थ यांनी 1972 साली लेख लिहून, या दंग्यांचे महत्त्व अवास्तव फुगविले गेले आहे असे प्रतिपादिले. दोघेही विद्वान, पण दोघांच्याही वादाचा पाया बव्हंशी एकच अहवाल. एकाच साक्षीदाराची उलटसुलट तपासणी करून खटला किती पुढे जाणार? दुसरा साक्षीदार हवा, आणि तो पुरविणे हे संग्राहकांचे काम आहे.

असे साक्षीदार नगरच्या परिसरात अगदीच नाहीत असे नव्हे. 1842 साली याच शहरात अमेरिकन मिशनने सुरू केलेल्या ‘ज्ञानोदया’चे जुने अंक आहेत. पुण्याच्या सार्वजनिक सभेने दंग्यापूर्वी केलेली रयतेच्या स्थितीची चौकशी आहे. जोतीराव फुले यांचा 1883 चा ‘शेतकऱ्याचा असूड’ आहे. आणि मुकुंदराव पाटील यांनी 1910 साली सुरू केलेला व नेवासे तालुक्यातील तरवडीहून दीर्घकाळ चालविलेला ‘दीनमित्र’ आहे. गावच्या दप्तराची लेखणी ज्याच्या हाती, त्या कुळकर्ण्यावर मुकुंदरावांनी ‘कुलकर्णी लीलामृत’ लिहिले, यात आम्हांस 1875 च्याच तक्रारीचा धागा दिसतो : लिहिणारा एक, आणि लिहिलेले भोगणारा दुसरा. मात्र मिशनचे पत्र आपल्या धर्मकार्याच्या दृष्टीने पाहते, सभा शहरी पुढाऱ्यांच्या दृष्टीने, आणि ‘दीनमित्र’ तर दंग्यानंतर पस्तीस वर्षांनी निघालेला. यांनी अहवालाची उणीव कमी होते, भरून निघत नाही.

ती भरून निघेल ती खुद्द खतांनी. जुन्या वाड्यांतून मोडी रुमाल निघाले की आमचे संग्राहक शिक्क्याची सनद व सरदाराचे पत्र तेवढे काढून घेतात आणि इंग्रजी अमदानीतील कर्जरोख्यांचा गठ्ठा रद्दीत सोडतात. आमचे सांगणे एवढेच की, ही निवड आता थांबावी. एकाच कुळाची लागोपाठची चार खते एकत्र राहिली, तर मुद्दल कसे फुगत गेले ते अंकांसह उभे राहते; तीच वेगळी झाली तर चार निरर्थक चिठोऱ्या होतात. म्हणून गठ्ठा सोडू नये, ज्या क्रमाने सापडला तो क्रम मोडू नये, गाव व घराणे यांची टीप बरोबर ठेवावी, आणि सावकाराची वही सापडल्यास तीही तितक्याच आस्थेने राखावी. त्याची बाजूही ऐकली पाहिजे. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयासारख्या संस्थांस असे गठ्ठे अखंड द्यावेत.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. जेथे दंगा पेटला, तेथील खते बहुतांशी जळाली. आज जी हाती येतील ती अधिक करून शांत राहिलेल्या गावांची किंवा दंग्यानंतरच्या काळातील असणार. त्यांवरून पेटलेल्या गावांचे अनुमान करताना हात राखूनच करावे. हुकूमनाम्यांच्या बाबतीत ही अडचण कमी आहे, कारण सावकाराची प्रत जळाली तरी निकाल न्यायालयाच्या दप्तरी राहतो. तेव्हा मुनसफ कोर्टांची जुनी दप्तरे निकालात काढली जाण्यापूर्वी त्यांतील निवाडे पाहून घेणे, हे संशोधकांचे पहिले कर्तव्य होय.

सारांश, 1878 चा अहवाल टाकाऊ नाही. तो अपुरा आहे, आणि त्याचा निकाल त्याच्याच परिशिष्टांनी ढिला पडतो. मिरजगावच्या त्या रयतास पावती मिळाली नाही. त्याच्या पिढीच्या व्यवहाराचे जे कागद अद्याप माळ्यांवर पडून आहेत, ते वेळीच राखले, तर त्याच्या फिर्यादीचा निवाडा एकतर्फी दप्तरावरून करण्याची पाळी पुढील संशोधकांवर येणार नाही.