'निवडलेला वंश' : एका उपाधीची चिकित्सा

ख्रिस्ती लोक स्वतःस देवाने निवडलेली प्रजा म्हणवितात, तेव्हा त्यांस नेमके काय अभिप्रेत असते, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा उपहासानेच विचारला जातो. जन्मसिद्ध श्रेष्ठत्वाच्या दाव्याची झळ ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसली, त्यास 'निवडलेले' हा शब्द ऐकताच शंका यावी, हे स्वाभाविक होय. तथापि उपहास म्हणजे टीका नव्हे. टीकेने प्रथम मूळ वचनापाशी जावयास हवे.

हे वचन पेत्राच्या पहिल्या पत्रातील दुसऱ्या अध्यायाच्या नवव्या ओवीत आहे. मराठी बायबलमध्ये तेथे 'निवडलेला वंश' असे शब्द येतात. मूळ ग्रीक शब्द 'गेनोस'. त्याचा अर्थ जन्माशी निगडित असल्याने 'वंश' हा पर्याय यथार्थच म्हटला पाहिजे. याजकगण, पवित्र राष्ट्र, देवाचे स्वतःचे लोक या त्याच ओवीतील अन्य उपाधीही नव्या नाहीत. सीनाय पर्वतापाशी मोशेकरवी इस्राएल लोकांस जे सांगण्यात आले (निर्गम १९), आणि यशयाच्या ग्रंथात जे पुन्हा आले (अध्याय ४३), तेथून त्या घेतलेल्या आहेत.

परंतु हे पत्र आहे कोणास? पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया व बिथुनिया या, आजच्या तुर्कस्तानात मोडणाऱ्या प्रांतांतील विखुरलेल्या मंडळ्यांस. त्यांतील बरेच जण यहूदीतर असावेत, असे पत्रातील उल्लेखांवरून दिसते. लेखक त्यांस प्रवासी व उपरे म्हणतो. पुढच्याच ओवीत होशेय संदेष्ट्याची आठवण आहे. त्याच्या मुलाचे नाव होते लो-अम्मी, म्हणजे 'माझे लोक नव्हेत'. ज्यांचा वंश एक नाही, ज्यांस धड ठावठिकाणा नाही, त्यांसच येथे 'वंश' म्हटले आहे. शब्द जन्माचा ठेवला आणि त्यातून जन्मच काढून घेतला! पालीच्या अभ्यासकास ही रीत अपरिचित नाही. अग्गञ्ञ सुत्तात वासेट्ठ व भारद्वाज यांच्याशी बोलताना भगवंतांनी 'ब्रह्म्याच्या मुखातून जन्मलेले' या ब्राह्मणी परिभाषेचे असेच रूपांतर केले आहे. साम्य मात्र येथेच संपते. पेत्राच्या पत्रात निवड करणारा ईश्वर आहे, आणि निवडणारा आला की न निवडलेल्यांचा प्रश्न मागोमाग येतोच.

त्या प्रश्नाचे पहिले बळी यहूदी ठरले. त्यांच्या उपाधी इतरांकडे गेल्या आणि मूळ धनी टाकून दिलेले मानले जाऊ लागले. पौलास हा धोका जाणवला होता. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात त्याने यहूदीतरांस रानटी जैतुनाच्या कलमाची उपमा देऊन बजावले आहे, की मूळच्या फांद्यांपुढे ताठा मिरवू नका. हा इशारा शतकानुशतके दुर्लक्षिला गेला. यहूदी हे देवाने झिडकारलेले वा शापित म्हणून दाखविले जाऊ नयेत, असे रोमन कॅथलिक चर्चने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या घोषणापत्रात म्हटले. त्याच घोषणापत्रात चर्च ही देवाची नवी प्रजा असल्याचेही म्हटले आहे. ही दोन विधाने परस्परांशी पुरती जुळली आहेत, असे मला वाटत नाही.

निवड ही मानासाठी नसून सेवेसाठी असते, असे उत्तर आधुनिक ख्रिस्ती विचारवंत देतात. त्यास जुन्या करारात आधारही आहे. आमोस संदेष्ट्याच्या मते देवाने इस्राएलास जवळ केले, म्हणूनच त्याच्या अपराधांचा झाडा अधिक कडकपणे घेतला जाईल. उत्तर सुंदर आहे. पण आपणही सेवाच करतो, असे वरिष्ठ म्हणविणारा प्रत्येक वर्ग सांगत आलेला आहे. तेव्हा या सिद्धान्ताची कसोटी ग्रंथात लागत नाही. ती लागते पंगतीत.

दक्षिण आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड चर्चचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. वर्ण वा मूळ न पाहता सर्व सभासदांस प्रभुभोजन एकत्रच द्यावे, असे या चर्चच्या केप येथील धर्मसभेने १८२९ साली ठरविले होते. १८५७ च्या धर्मसभेने एकत्र उपासना हीच इष्ट व शास्त्रसंमत असल्याचे मान्य केले, आणि तरीही 'काहींच्या दुर्बलतेमुळे' वेगळ्या उपासनेस मुभा दिली. ही दुर्बलता कोणाची, हे सांगण्याची गरज नाही. १८८१ मध्ये कृष्णवर्णीय मिश्रवंशीयांसाठी स्वतंत्र मिशन चर्च निघाले. पेत्राने 'वंश' या शब्दातून काढलेला जन्म अशा रीतीने प्रभुभोजनाच्या मेजावर परत येऊन बसला. बोअर वसाहतकार आरंभापासूनच स्वतःस नवे इस्राएल समजत, ही रूढ समजूत पुराव्यावर टिकत नाही, असे आंद्रे दु तोइत यांनी १९८३ साली प्रतिपादिले. ते खरे असेल तर दोष अधिकच गंभीर ठरतो. कारण मग आधी वेगळेपणा आला आणि त्यास धर्माचा आधार मागाहून शोधला गेला.

विशेष हे, की बाहेर बसविलेल्यांनी तो ग्रंथ टाकून दिला नाही. मिशन चर्चने १९८२ मध्ये बेलहार येथे श्रद्धेचे एक कबुलीपत्र तयार केले व १९८६ मध्ये ते स्वीकारले. वंशभेदावर चर्चची विभागणी करणारी शिकवण त्यात नाकारलेली आहे, आणि देव विशेषत्वाने दीन व अन्यायग्रस्तांचा आहे, असे म्हटले आहे. हीदेखील एक निवडच नव्हे काय, अशी शंका घेता येईल. माझ्या मते ती रास्त आहे. फरक इतकाच, की दैन्य हा वंश नव्हे, ते नाहीसे करता येते. १९९४ साली हे मिशन चर्च व आफ्रिकी लोकांसाठीचे वेगळे चर्च एक झाले. १८५७ मध्ये मेज वेगळे करणाऱ्या मूळ चर्चशी त्यांचे एकीकरण मात्र अनेक वर्षांच्या वाटाघाटींनंतरही झालेले नाही.