फाडलेल्या कडेची रेषा

पाच वर्षांच्या एका मुलीनं बालवाडीत केलेलं हे चिकटचित्र मिठाईच्या डब्याच्या झाकणावर आहे. झाकणाची आतली, करडी बाजू. तिच्यावर वर्तमानपत्राचे तुकडे, लाल लग्नपत्रिकेचे दोन तुकडे आणि वहीच्या जुन्या खाकी कव्हराचा एकच मोठा तुकडा. झाड नाही, घर नाही, डोंगरामागचा सूर्य नाही. कात्रीही नाही, सगळं हातानं फाडलेलं. म्हणून हे चित्र बघताना मी आधी रंगांकडे जात नाही, कडांकडे जातो. इथली रेषा म्हणजे फाडलेली कड.

डावीकडे वर्तमानपत्राची एक लांब पट्टी उभी आहे, जवळजवळ सरळ. तिच्या शेजारचा तुकडा मात्र दातेरी, वेडावाकडा. हात तोच आणि कागदही तोच. यंत्रावर कागद तयार होताना ओल्या लगद्यातले बरेचसे तंतू यंत्र धावतं त्या दिशेला वळतात. त्या दिशेनं कागद सरसर फाटत जातो. आडवा फाडायला गेलं की हिसके देतो. वर्तमानपत्र वरून खाली सरळ फाटतं ते यामुळेच. मुलीला तंतूंची माहिती असायचं कारण नाही, पण तिच्या बोटांना हे उमगलेलं दिसतं. सरळ पट्ट्या तिनं उभ्या ठेवल्या आणि दातेरी तुकडे त्यांना असे टेकवले की दाते बाहेर यावेत. हे आपोआप झालेलं नाही. एखादा दाता जरी आत वळला असता तरी डावी बाजू मिटून गेली असती. आता ती श्वास घेते.

मग लाल. पत्रिकेचा लाल रंग वरवर छापलेला, पोटात कागद पांढरा. फाडला की लालाला पांढरी झालर येते, आणि हात कुठल्या बाजूला ओढला त्यावर ती कुठल्या तुकड्याला मिळणार हे ठरतं. या मुलीनं दोन लाल तुकडे समोरासमोर लावलेत, झालरी एकमेकींकडे करून. मधे पुठ्ठ्याची बोटभर करडी जागा मोकळी सोडली आहे. माझ्या मते सगळं चित्र त्या मोकळ्या जागेत आहे. तिथे काहीच चिकटवलेलं नाही, तरी नजर पुन्हा पुन्हा तिथेच जाते.

वर्तमानपत्राचे तुकडे उलटसुलट लागलेत. काही ठिकाणी अक्षरं डोक्यावर उभी आहेत. वाचता न येणाऱ्या मुलाला छापील मजकूर म्हणजे निरनिराळे करडे रंग: मथळ्याचा गडद, बातमीचा मध्यम, छोट्या जाहिरातींचा दाट, मुंग्या भरल्यासारखा. या मुलीनं दाट करडा खाली ठेवला आणि विरळ वर. आपल्याला आता असं पाहता येत नाही. आपण वाचायलाच लागतो.

१९१९पासून हानोवरमध्ये कुर्ट श्विटर्सनं ट्रामची तिकिटं, वेष्टनं, फेकलेले छापील कपटे चिकटवून ‘मेर्त्स’ चित्रं केली. ती मला फार आवडतात, पण त्यांतले शब्द डोळ्यांना सोडत नाहीत. या झाकणाशी जवळचं नातं मला हान्स आर्पच्या १९१६-१७च्या एका चित्राचं वाटतं. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ते आहे. फाडलेले चौकोन योगायोगाच्या नियमानं मांडले, असं त्याचं शीर्षक सांगतं. पण ते चौकोन एकमेकांना इतकं जपून टाळतात की योगायोगानंतर कुणाचं तरी बोट फिरलं असणार, अशी शंका येतेच. मुलंही हेच करतात. मूठभर कपटे उधळतात, क्षणभर बघतात, आणि एखादा कपटा बोटानं जरासा सरकवतात. ते सरकवणं पाहायला मिळावं म्हणून मोठ्यांनी शेजारी बसावं, आणि ‘हे काय काढलंस?’ हा प्रश्न गिळावा. ‘हा तुकडा इथे का?’ असं विचारलं तर मूल खरंच उत्तर देतं.

साहित्य साधं असावं. मैद्याची खळ पुरते. पूर्वी कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालत, तो विषारी, मुलांच्या खळीत चालणार नाही. रंगीत घोटीव कागद विकत आणू नयेत, असं माझं ठाम मत आहे. त्यांचा रंग सगळीकडे एकसारखा असतो, मुलाला शोधायला काही उरत नाही. रद्दीत शोधणं हेच अर्धं काम.

खाकी तुकडा झाकणाच्या उजव्या कडेबाहेर दोन बोटं आला आहे. छाटला असता तर चित्र चौकटीत नीट बसलं असतं, पण डावीकडच्या दात्यांना उजवीकडून उत्तर मिळालं नसतं. त्या मुलीच्या बाईंनी तो तसाच राहू दिला. वर्तमानपत्राच्या लगद्यात लाकडातलं लिग्निन राहून जातं. ऊन-हवेनं ते पिवळं पडतं. करड्या पट्ट्या हळूहळू खाकीच्या अंगाला जातील आणि उजवीकडच्या त्या एकट्या तुकड्याला भावंडं मिळतील. तोवर करड्या-खाकीतलं हे अंतर टिकायला हवं, म्हणून चित्र खिडकीसमोरच्या भिंतीवर न लावता आतल्या, सावलीतल्या भिंतीवर लावावं.