न्यायालयातील प्रभूची प्रार्थना

फादर डॅनिअल बेरिगन (मृत्यू २०१६) ह्या येशूसंघीय कवीचे 'द ट्रायल ऑफ द कॅटन्सव्हिल नाइन' हे नाटक व्हिएतनाम युद्धाच्या निषेधातून जन्मले. १७ मे १९६८ रोजी मेरीलँड राज्यातील कॅटन्सव्हिल येथे त्यांनी, बंधू फिलिप व अन्य सात कॅथोलिकांसह, सक्तीच्या सैन्यभरतीच्या ३७८ फायली कचेरीबाहेर नेल्या, पेट्रोल व साबणचुरा मिसळून केलेल्या नापामने त्या जाळल्या आणि प्रार्थना करीत पोलिसांची वाट पाहिली.

नाटकाचा मजकूर बहुतांशी खटल्यातील साक्षींचाच आहे. बेरिगननी तो मुक्तछंदात बसविला. आरोपीच लेखक झाल्यावर दुसऱ्या पक्षास न्याय मिळेल काय, ही शंका आम्हांस होती. परंतु न्यायाधीशाचे पात्रच आम्हांस सर्वांत खरे वाटले. आरोपींची तळमळ त्यास भिडते. तरी सदसद्विवेकाची साक्ष हा कायद्यापुढे बचाव नव्हे, ही मर्यादा तो ओलांडीत नाही. अखेरीस आरोपी प्रभूची प्रार्थना म्हणण्याची अनुज्ञा मागतात आणि तो ती देतो. दर रविवारी आपण ती किती सहज म्हणून जातो!

उणीव आहे ती कचेरीतील स्त्री-कारकुनांच्या बाबतीत. त्यांचा विरोध न जुमानता फायली नेल्या गेल्या. पण त्यांच्या भयास नाटककाराने फारच थोडी जागा दिली आहे. नऊ जणांचे दीर्घ आत्मनिवेदन ऐकताना त्या बायकांचे आणखी काही शब्द हवे होते, असे आम्हांस राहून राहून वाटते.