कोरी पाने आणि कोप्यांतली मुले

पायाभूत वाचन-गणितासाठीचे निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झाले आणि प्राथमिक शिक्षकांच्या मोबाइलवर वर्कशीटांचा लोंढा लोटला. गाळलेल्या जागा, जोड्या लावा, ससा, कासव आणि प्रामाणिक लाकूडतोड्या. तळाशी निर्मात्याचे नाव ठळक. ज्या मुलासाठी हे सारे लिहिले त्याचा मात्र मागमूस नाही. मराठीत लहान मुलांसाठी शैक्षणिक साहित्य लिहिणारे शिक्षक आज पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक दिसतात, आणि तरी वाचताना वाटत राहते की हे सगळे एकाच घरातल्या एकाच मुलासाठी लिहीत आहेत.

कुमठे बीटमधल्या शाळांच्या नकलेने गावोगाव रंगवलेल्या फरश्यांबद्दल बोलायला नको. रंग उडाला, विषय संपला. क्यूआर कोडचेही तेच. परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी त्यातून पाठ्यपुस्तकातला मजकूर मुलांच्या मातृभाषेत नेला, ही त्यांच्या कामातली मोलाची गोष्ट. बाकीच्यांनी उचलला तो फक्त काळा-पांढरा चौकोन.

खरी परंपरा वेगळीच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीत काम करू लागल्या, पुढे कोसबाडला गेल्या. आदिवासी मुले गुरांमागे जातात म्हणून शाळा ओस पडते, हे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळेतली साधनेही पोरांच्या हाताला लागणारी होती: बिया, पाने, खडे. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी वर्णमालेचा क्रम बाजूला ठेवला. निवडक अक्षरांचा छोटा गट आधी घ्यायचा, म्हणजे मूल पहिल्या काही दिवसांतच अर्थाचे शब्द वाचू लागते. ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत महिनोन्‌महिने घोकून मग वाचनाला बसायचे, ही शिक्षा ज्यांच्या घरी पुस्तक नाही त्यांनाच जड जाते, हे त्यांनी नेमके ओळखले होते. नीलेश निमकर यांच्या ‘क्वेस्ट’ने पालघर जिल्ह्यात हीच वाट पुढे नेली, त्यांच्या ‘गोष्टरंग’मध्ये नट आश्रमशाळांत जाऊन मुलांपुढे गोष्ट उभी करतात आणि गोष्टीचे पुस्तक मग मुलांच्या हाती जाते. माधुरी पुरंदरे यांच्या ‘यश’ आणि ‘राधा’च्या गोष्टी शहरी घरातल्या खऱ्या, पण त्यांत उपदेशाचा एक शब्द नाही. मूल रुसते, घाबरते, विचारते; लेखिका मध्ये पडत नाही. या सगळ्यांनी लिहिण्याआधी मुलांचे ऐकले, म्हणून त्यांचे टिकले.

ही वाट जिथे पोचायला हवी होती, ते छत्रपती संभाजीनगर आता पाहा. बालभारतीचे विभागीय भांडार इथे आहे. पुस्तके पुण्यात ठरतात आणि इथून वाटली जातात. इथून पुण्याला काय जाते? ज्या शहरात मराठी आणि उर्दू शाळांची मुले एकाच गल्लीत खेळतात, ज्याच्या जिल्ह्यात, कन्नड तालुक्यातल्या बंजारा तांड्यावरचे मूल गोरमाटी बोलत पहिलीत येते, तिथला शिक्षक खरे तर सगळ्यांत आधी लिहिता व्हायला हवा होता. ‘रीड अँड लीड फाउंडेशन’ने जानेवारी २०२१ पासून मोहल्ल्यामोहल्ल्यांत बालवाचनालये उघडली. मुलांच्या हाती पुस्तके गेली, पण त्या मुलांसाठी इथे लिहिलेली पुस्तके कुठे आहेत?

याच शहरातल्या ‘जनार्थ’ या संस्थेने २००२ मध्ये ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा सुरू केल्या, तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली होती. हे मूल दिवाळीच्या सुमारास उचल घेतलेल्या आईबापांबरोबर कारखान्यावरच्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत, राहायला जाते आणि हंगाम संपला की परत येते. जून ते एप्रिल अशी सरळ चाल धरणारे पाठ्यपुस्तक या मुलाला अर्धेच भेटते. उरलेले अर्धे त्याच्या नशिबी दरवर्षी हुकते, आणि पुढच्या जूनमध्ये त्यालाच ‘मागे पडलेला’ म्हणतात. मागे पडले आहे ते पुस्तक. कुठूनही उघडले तरी चालेल, मिश्र वयाच्या मुलांना एकत्र बसून वाचता येईल, कोयता, मुकादम आणि बैलगाडी ज्यात लाज न वाटता येतील, असे एक पुस्तक मराठीत का दिसत नाही?

कारण लिहिणारे समितीत बसतात आणि पुस्तक छापून झाल्यावरच मुलांना भेटतात. प्रत्येक हस्तलिखित छापण्यापूर्वी एका तांड्यावर, एका उर्दू मोहल्ल्यात आणि कारखान्यावरच्या कोप्यांत वाचून दाखवले गेले पाहिजे, आणि लेखकाने तिथे स्वतः बसले पाहिजे. वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकाला त्यासाठी वर्षभराची पगारी रजा द्या. इतका वेळ आणि पैसा कुठून आणायचा, असे विचारणाऱ्यांना आठवण करून द्यायला हवी: २०२३ मध्ये दुसरी ते आठवीची पुस्तके चार-चार भागांत कापली गेली, त्यांत वहीची कोरी पाने शिवली गेली, आणि जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णयच रद्द झाला. भागांत कापलेले पुस्तक उपयोगी पडले असते ते ऊसतोडीला जाणाऱ्या मुलाला. ते भाग मात्र दप्तराचे ओझे कमी करण्यासाठी होते, त्याच्या हंगामासाठी नव्हे. कोऱ्या पानांना पैसा होता. त्याच्यासाठी लिहिलेल्या पानांना नाही, हे शिक्षण विभागाने एकदा उघडपणे सांगून टाकावे.