धर्मादायाचा दाता कोण? : एका कलमाचे परीक्षण

मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० (आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जाणारा) याच्या ५४व्या कलमाला 'धर्मादाय' असा मथळा आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांचे लक्ष या कलमाकडे क्वचितच जाते. ते वकिलांचे आणि हिशेबतपासनिसांचे क्षेत्र समजले जाते. परंतु एखाद्या गावच्या व्यवहारातून निघालेला पैसा त्याच गावाच्या, विशेषतः तेथील दुर्बळ वस्त्यांच्या, आर्थिक उन्नतीसाठी कोणी व कसा खर्च करावा, हा प्रश्न ज्यांना महत्त्वाचा वाटतो त्यांनी हे कलम अवश्य वाचले पाहिजे. म्हणून एखाद्या ग्रंथाचे करावे तसे त्याचे परीक्षण येथे योजिले आहे.

प्रथम त्यामागील रूढी ध्यानात घेऊ. जळगाव जिल्ह्यातील पाचोरा हे मुंबई–भुसावळ लोहमार्गावरील तालुक्याचे गाव. भोवतालची काळी जमीन, कापसाचे पीक आणि मुंबईच्या गिरण्यांशी जोडणारी आगगाडी, या तिहींवर अशा गावांच्या पेठा वाढल्या. कापसाची गाडी अडत्याच्या दारी उभी राहिली म्हणजे भाव ठरे, माल तोलला जाई आणि शेवटी हिशेबाची पट्टी शेतकऱ्याच्या हाती पडे. आडत, हमाली, तोलाई यांच्या जोडीने धर्मादाय कापून घेण्याची चाल देशातील शेतमालाच्या पेठांत सर्वत्र रूढ होती. १९२८ साली आपला अहवाल सादर करणाऱ्या शेतकी रॉयल कमिशनने बाजारातील नानाविध कपातींवर कठोर टीका केली. १९२७चा मुंबई इलाख्यातील कापूस बाजारांचा कायदा, त्यानंतरचा १९३९चा आणि पुढे महाराष्ट्राचा १९६३चा शेतमाल बाजाराचा कायदा, या तिहींचा एक हेतू अशा कपातींना वेसण घालणे हाच होता. मात्र धर्मादाय ही नुसती कपात नव्हे. तिच्या पाठीशी पुण्याची भावना उभी असते. त्यामुळे तिच्याविषयी तक्रार करणाराच कृपण ठरतो.

न्यायालयांत या शब्दाचा प्रवास मोठा उद्बोधक झाला आहे. १८९९ साली मुंबईच्या एका मृत्युपत्राचा निर्णय देताना प्रिव्ही कौन्सिलने 'धरम' या कारणासाठी ठेवलेली देणगी अर्थाच्या संदिग्धतेमुळे निरर्थक ठरविली. १९५०च्या अधिनियमाने दहाव्या कलमात हा दोष दूर केला. धर्म, धर्मादाय किंवा पुण्यकार्य यांसाठी निर्माण केलेला सार्वजनिक न्यास केवळ उद्दिष्ट अनिश्चित आहे म्हणून रद्द होणार नाही, असे त्यात स्पष्ट केले आहे. पुढे १९७८ साली हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, ग्राहकांकडून धर्मादाय म्हणून घेतलेली रक्कम हे गिरणीचे उत्पन्न नव्हे, असा निर्णय दिला. ती रक्कम प्रथमपासूनच दानासाठी राखलेली असते, हे त्या निर्णयाचे मर्म होय. पाऊण शतकात शब्दाला प्रतिष्ठा मिळाली आणि पैशाला आयकरापासून संरक्षण लाभले.

आता मूळ कलमाकडे वळू. व्यापारातील रूढीने किंवा उभयपक्षांच्या कराराने धार्मिक वा धर्मादायी हेतूसाठी जी रक्कम आकारली जाते, ती आकारणाऱ्याच्या ठायी विश्वस्त या नात्याने निहित होते, असे पहिले पोटकलम सांगते. वर्षअखेरीपासून तीन महिन्यांच्या आत तिचा हिशेब धर्मादाय खात्याच्या अधिकाऱ्याकडे सादर करावा, असे दुसरे पोटकलम म्हणते. आणि त्या हिशेबाची चौकशी करण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला पुढे दिलेला आहे. रचना नेटकी आहे. जो पैसा व्यापारी आपला म्हणून वापरू शकला असता, तो आपला नाही हे कायद्याने त्याच्याकडून कबूल करून घेतले, ही या कलमाची निःसंशय मोठी कामगिरी आहे.

परंतु या वाक्यरचनेत एक माणूस हरवला आहे. आकारणारा आहे, हिशेब घेणारा अधिकारी आहे, दानाचा हेतूही आहे; देणारा मात्र केवळ 'व्यवहारातील पक्ष' म्हणून ओझरता येऊन जातो. खर्च कोठे व्हावा हे त्याला विचारण्याची तरतूद या कलमात नाही, आणि हिशेब त्याच्यापुढे ठेवण्याचे बंधनही नाही. पट्टीतल्या एका ओळीतून निघालेला शेतकऱ्याचा पैसा पेढीच्या वहीत जमा होतो आणि तेथून तो पेढीचे दान होऊन बाहेर पडतो. धर्मशाळेच्या भिंतीवर संगमरवरी शिळा बसते, तीवर नाव कोरले जाते ते पेढीचे. ज्यांच्या गाड्यांनी ती भिंत उभी केली त्यांची गणना होत नाही. संमतीवाचून घेतलेल्या रकमेला दान म्हणणे कठीण आहे. तिचे स्वरूप कराचे आहे, आणि कर म्हटला की प्रतिनिधित्वाचा प्रश्न ओघानेच येतो.

अन्यत्र या प्रश्नाचा विचार कसा झाला, हे पाहणे उपयुक्त ठरेल. १९१४ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात फ्रेडरिक गॉफ या बँकप्रमुखाने एक समाजनिधी स्थापिला. भांडवल बँकेने सांभाळावे, पण वाटपाचा निर्णय वेगळ्या समितीने घ्यावा आणि तिचे काही सभासद नगराध्यक्ष, न्यायाधीश अशा सार्वजनिक अधिकाऱ्यांनी नेमावेत, ही त्याची योजना होती. देणगी वाटण्याआधी शहराची पाहणी करावी, असाही दंडक त्या संस्थेने घातला. १९१५च्या सुमारास तिने शहरातील शाळांची पाहणी हाती घेतली. याच धर्तीची संस्था मुंबईत १९९१ साली 'बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट' या नावाने निघाली. मात्र गॉफच्या योजनेतील दाते मुख्यतः श्रीमंत होते आणि त्यांनी स्वेच्छेने दिले होते. आपल्या धर्मादायाचे दाते असंख्य, अल्पधन आणि अनिच्छ आहेत. म्हणून सांभाळणारा व वाटणारा यांना वेगळे करण्याचे तत्त्व तेवढे तेथून घ्यावे. वाटणाऱ्यांत कोण बसावे याचे उत्तर मात्र आपले आपणच शोधले पाहिजे.

यावर एक आक्षेप संभवतो. व्यापाऱ्यांनी या पैशातून पांजरपोळ चालविले, पाणपोया घातल्या, शाळांना हातभार लावला. तोच निधी प्रतिनिधींच्या हाती गेला तर गटबाजी माजेल आणि कामे खोळंबतील. या म्हणण्यात तथ्य आहे. सहकारी संस्थांच्या निवडणुका पाहिलेल्या कोणालाही ते नाकारता येणार नाही. तथापि गटबाजी निदान उघड्यावर चालते आणि तिचा जाब विचारता येतो. एकाच पेढीच्या सद्भावनेवर अवलंबून असलेले दान त्या पेढीला दिसणाऱ्या गरजांपुरतेच पोहोचते. पेठेभोवती धर्मशाळा उभी राहते. हमालांच्या वस्तीतील गटार मात्र तसेच राहते. यात कोणाचा दुष्टपणा नसतो, नजरेची मर्यादा असते.

आणि दाता केवळ शेतकरीच आहे काय? कापूस वेचणाऱ्या मजूर स्त्रिया, पोती वाहणारे हमाल, जिनात सरकी वेगळी होताना कपाशीच्या धुळीत उभे राहणारे कामगार, या सर्वांचे श्रम त्याच व्यवहारात मिसळलेले आहेत. पट्टीवर त्यांची नावे नसतात. समन्यायी विकासाचा अर्थ लावावयाचा तर वाटपाच्या बैठकीत त्यांनाही जागा हवी. अधिनियमाचा त्याला अडसर नाही. धर्मादायी उद्दिष्टांच्या व्याख्येत, नवव्या कलमात, दारिद्र्यनिवारणाबरोबर सार्वजनिक उपयोगाच्या अन्य कामांचाही समावेश आहे. वेचणीच्या हंगामात मुलांसाठी पाळणाघर किंवा हमालांच्या वस्तीत पिण्याच्या पाण्याची सोय ही कामे त्या व्याख्येबाहेरची म्हणता येणार नाहीत.

कलमात भर घालावयाची झाल्यास ती अल्प आहे. अधिकाऱ्याकडे जाणारा हिशेब बाजाराच्या आवारातही मराठीत लावला जावा, आणि रकमेच्या विनियोगात ती देणाऱ्यांचे व त्या व्यवहारात राबणाऱ्यांचे प्रतिनिधी असावेत. तोपर्यंत अभ्यासकांना एक काम करण्यासारखे आहे. खानदेशातील जुन्या शेतकरी घरांत कापसाच्या पट्ट्या अजूनही कोठे जपून ठेवलेल्या सापडतील. त्या गोळा कराव्यात, धर्मादायाच्या ओळी वेगळ्या काढाव्यात, आणि त्याच गावच्या संस्थांच्या जमाखर्चाशी ताडून पाहाव्यात. कोणाच्या पैशाने काय उभे राहिले, हे एका तालुक्यापुरते जरी सिद्ध झाले, तरी ५४व्या कलमात जो माणूस हरवला आहे त्याचा पत्ता लागेल.