शेतकऱ्याची संगणकीय ओळख आणि सेवा सहकारी संस्थांची सामायिक प्रणाली : एक चिकित्सा

सारांश

केंद्र शासनाने २०२२ साली प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणाचा प्रकल्प मंजूर केला. त्यामुळे गावपातळीवरील सेवा सहकारी संस्था प्रथमच एका सामायिक उद्योगव्यवहार प्रणालीत, म्हणजे रूढ भाषेत ईआरपीत, येत आहेत. त्याच काळात आधार आणि शेतकरी ओळख क्रमांक या दोन ओळख-व्यवस्था कृषी कर्ज व योजनांशी जोडल्या जात आहेत. या जोडणीमागील गृहीतकांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. महाराष्ट्रातील २०१७ व २०१९ च्या कर्जमाफी योजनांचा अनुभव त्यासाठी आधारभूत मानला आहे.

बीजसंज्ञा : ओळख-व्यवस्थापन, सेवा सहकारी संस्था, आधार, शेतकरी ओळख क्रमांक, पीककर्ज.

प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील बोरी अरब आणि परिसरातील शेती प्रामुख्याने कापूस, सोयाबीन व तूर या पिकांवर उभी आहे. खरिपाच्या तोंडावर पीककर्ज वेळेत हाती पडते की नाही, यावर शेतकऱ्याचे वर्ष ठरते. हे कर्ज जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेकडून गावच्या विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थेमार्फत सभासदापर्यंत पोहोचते. १९०४ च्या कायद्याने ज्या सहकारी पतव्यवस्थेची पायाभरणी झाली, तिचा हा शेवटचा आणि सर्वांत दुर्बल दुवा होय. या संस्थांचे हिशेब एकसारखे नसणे व संगणकीकरणाचा अभाव हे दोष वैद्यनाथन कृतिदलाच्या अहवालाने २००५ मध्येच अधोरेखित केले होते.

२९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ६३,००० संस्थांच्या संगणकीकरणास २,५१६ कोटी रुपयांच्या खर्चासह मान्यता दिली. नाबार्डच्या देखरेखीखाली सर्व संस्थांसाठी एकच सामायिक प्रणाली हे या प्रकल्पाचे वैशिष्ट्य. हिशेब एकसारखे होणे ही स्वागतार्ह गोष्ट आहे, याविषयी दुमत नाही. प्रश्न पुढचा आहे. प्रणालीत ज्या सभासदाचे खाते उघडले, तो सभासद नेमका कोण, हे प्रणालीला कोणी आणि कशाच्या आधारे सांगावयाचे?

ओळख-व्यवस्थापन : संकल्पना

मोठ्या उद्योगसमूहांत हा प्रश्न फार पूर्वी उपस्थित झाला. तेथे वेतन, खरेदी, साठा, हिशेब असे सर्व व्यवहार एका प्रणालीत चालतात. परंतु माणसांची नोंद स्वतंत्र ओळख-व्यवस्थेत ठेवली जाते. कर्मचारी रुजू झाला की त्याचे खाते निर्माण होते, बदली झाली की अधिकार बदलतात आणि सेवा संपली की खाते बंद होते. या व्यवस्थेत तीन प्रश्न वेगळे मानले जातात : ही व्यक्ती तीच आहे काय, तिला कोणता अधिकार आहे आणि तो अधिकार तिला कोणी दिला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणजे दुसऱ्याचे आपोआप मिळते, असे कोणताही जाणकार मानत नाही.

कृषी कर्जाच्या क्षेत्रात मात्र नेमका हाच घोटाळा होताना दिसतो.

दोन कर्जमाफी योजनांचा धडा

जून २०१७ मध्ये जाहीर झालेल्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाख रुपयांपर्यंतच्या थकबाकीस माफी होती. शेतकऱ्याने पती-पत्नीच्या आधार क्रमांकांसह ऑनलाइन अर्ज भरावयाचा, बँकांनी ६६ रकान्यांच्या तक्त्यात माहिती द्यावयाची आणि दोहोंचा मेळ संगणकाने घालावयाचा, अशी रचना होती. लाभाचे एकक कुटुंब होते, बँकेच्या खतावणीचे एकक कर्जखाते होते आणि आधारचे एकक व्यक्ती होते. या तीन भिन्न एककांचा मेळ घालण्याचे काम अल्प मुदतीत यंत्रावर सोपविले गेले. दिवाळीत प्रमाणपत्रे वाटली गेली. परंतु याद्यांतील विसंगतींमुळे प्रत्यक्ष रक्कम खात्यावर जमा होण्यास विलंब झाला.

डिसेंबर २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत क्रम उलटविला गेला. अर्ज मागविले नाहीत. बँकांनी आपल्या नोंदींवरून माहिती भरली, प्रत्येक खात्यास विशिष्ट क्रमांक देऊन याद्या गावात प्रसिद्ध केल्या आणि शेतकऱ्याने आधार प्रमाणीकरण करून आपली ओळख व कर्जाची रक्कम मान्य आहे की नाही, हे नोंदवावयाचे होते. अमान्य असल्यास प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जाई.

तंत्रज्ञान दोन्ही वेळी जवळपास सारखेच होते. फरक रचनेत होता. पहिल्या योजनेत मेळ बसला नाही, तर तो का बसला नाही हे शेतकऱ्यास कळण्याची सोय नव्हती. दुसऱ्या योजनेत यादी चावडीवर लागली आणि 'ही रक्कम माझी नाही' असे म्हणण्यास अधिकृत जागा मिळाली. दुसरी योजना निर्दोष होती, असे नव्हे. पण ओळख जोडण्याच्या प्रक्रियेत ज्याची ओळख जोडली जात आहे त्याला बोलता आले पाहिजे, हे तत्त्व तिने व्यवहारात आणले. सेवा संस्थांच्या नव्या प्रणालीसमोर हाच अनुभव आदर्श म्हणून ठेवावयास हवा होता.

तीन ओळखी, एक क्रमांक

आज शेतकऱ्याभोवती तीन ओळखी आहेत. आधार ही व्यक्तीची ओळख. शेतकरी ओळख क्रमांक ही त्याच्या जमीनधारणेची ओळख. २ सप्टेंबर २०२४ रोजी मंजूर झालेल्या डिजिटल कृषी अभियानाचा तो भाग असून महाराष्ट्रात कृषी विभागाच्या योजनांसाठी १५ एप्रिल २०२५ पासून तो अनिवार्य करण्यात आला. तिसरी ओळख सभासदत्वाची, म्हणजे संस्थेच्या नोंदवहीतील. या तिन्ही एकच आहेत असे धरून चालणे सोयीचे असले, तरी गावातील वस्तुस्थिती तशी नाही.

पती निधन पावल्यानंतर वारस नोंदीचा फेरफार प्रलंबित असलेली स्त्री शेती कसते, पण सातबारा मृत पतीच्या नावे राहतो. संस्थेच्या नोंदवहीत सभासद म्हणूनही तोच असतो. मक्त्याने किंवा बटईने जमीन कसणाऱ्यास आधार आहे, पण जमिनीची नोंद नाही. सामायिक खातेदारांपैकी एकच भाऊ संस्थेचा सभासद असतो. या सर्व उदाहरणांत व्यक्तीची ओळख शंभर टक्के खरी ठरूनही कर्जाचा हक्क सिद्ध होत नाही. उलटपक्षी, हक्क असूनही ओळख जुळत नाही, अशीही उदाहरणे असतात. सातबाऱ्यावर 'विठ्ठलराव', संस्थेच्या वहीत 'विठ्ठल', आधारवर रोमन लिपीत निराळ्याच स्पेलिंगचे नाव. विवाहित स्त्रीचे माहेरचे व सासरचे आडनाव. 'उर्फ' लावून लिहिलेली नावे. देवनागरीतून रोमनमध्ये आणि पुन्हा देवनागरीत असा प्रवास करताना नाव बदलते. माणूस मात्र तोच राहतो.

नावे जुळविताना दोन प्रकारच्या चुका संभवतात : दोन भिन्न माणसे एक मानली जाणे आणि एकच माणूस दोन मानला जाणे. पहिली टाळण्यासाठी निकष कडक केले की दुसरी वाढते. पहिल्या चुकीचे नुकसान बहुधा शासनाच्या तिजोरीस पोहोचते, दुसरीचे शेतकऱ्यास. निकष ठरविणारे तिजोरीच्या बाजूस बसलेले असल्याने कल कोणत्या दिशेस जाईल, हे वेगळे सांगणे नको. पीककर्जावरील व्याज सवलत वेळेत परतफेड करणाऱ्यास मिळते. सवलतीचे दावे १९ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या किसान ऋण पोर्टलमार्फत जातात. नियमित फेड करणाऱ्या शेतकऱ्याची सवलत एका अक्षराच्या फरकाने अडली, तर प्रणालीच्या दृष्टीने ती केवळ एक अपवादात्मक नोंद असते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते पुढील हंगामाचे बियाणे असते.

दुर्लक्षित बाजू : प्रणाली चालविणाऱ्याची ओळख

आजवरच्या चर्चेत ओळख म्हणजे कर्जदाराची ओळख, असेच समीकरण झाले आहे. उद्योगक्षेत्रात ओळख-व्यवस्थापनाचा प्रारंभ मात्र प्रणाली वापरणाऱ्या कर्मचाऱ्यापासून झाला, हे विसरले जाते. सेवा संस्थेचा दैनंदिन कारभार गटसचिव पाहतो आणि अनेकदा एकाच गटसचिवाकडे एकाहून अधिक संस्थांचा भार असतो. अशा स्थितीत नोंद करणारा, ती तपासणारा आणि मंजूर करणारा हे तिघे निरनिराळे असावेत, हा हिशेबशास्त्राचा मूलभूत नियम कागदावरच राहण्याचा धोका आहे. एकाच परवलीच्या शब्दावर तिघांचे काम होऊ लागले, तर प्रणालीतील प्रत्येक नोंद तांत्रिकदृष्ट्या वैध आणि नैतिकदृष्ट्या निराधार ठरते.

ही भीती काल्पनिक नाही. शिक्षकांच्या वेतनासाठी असलेल्या शालार्थ प्रणालीत बनावट ओळख क्रमांक निर्माण करून अपात्र व्यक्तींचे वेतन काढल्याचे प्रकरण २०२५ मध्ये नागपूर विभागात उघडकीस आले, गुन्हे दाखल झाले आणि तपासासाठी विशेष पथक नेमावे लागले. त्या प्रकरणाचा निवाडा न्यायालये करतील. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातून एवढेच घ्यावयाचे की, वेतन प्रणालीने क्रमांक पाहिला आणि वेतन दिले. क्रमांक देण्याचा अधिकार कोणी, कशाच्या आधारे वापरला, हे विचारण्याची व्यवस्था दुबळी होती. ज्या प्राध्यापकांचे स्वतःचे वेतन सेवार्थसारख्या प्रणालीतून निघते, त्यांना हा मुद्दा अधिक विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही.

कायदा आणि गोपनीयता

आधार अधिनियम, २०१६ च्या कलम ७ अन्वये शासकीय लाभांसाठी आधारची अट घालता येते. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात हे कलम वैध ठरविले. मात्र खाजगी संस्थांना करारान्वये आधार वापरू देणारी कलम ५७ मधील तरतूद रद्द केली. सेवा संस्था ही शासकीय कार्यालयही नव्हे आणि निव्वळ खाजगी कंपनीही नव्हे. म्हणून तिने कोणत्या कामासाठी आधार मागितला आणि तो कोठे साठविला, याची स्पष्टता आवश्यक आहे. आधार क्रमांक मूळ प्रणालीत न ठेवता स्वतंत्र सुरक्षित कोशात ठेवून व्यवहारात केवळ संदर्भ क्रमांक वापरावा, असे निर्देश प्राधिकरणाने २०१७ मध्येच दिले आहेत. संस्थेच्या कार्यालयातील फाइलींत आधारच्या छायाप्रतींचे गठ्ठे पडून असतील, तर कोशाची सुरक्षितता अर्थहीन होते.

या संदर्भात एस्टोनियाचे उदाहरण बोलके आहे. तेथे २००१ पासून विविध शासकीय प्रणाली एका सामायिक विनिमय-स्तराद्वारे जोडल्या गेल्या. परंतु आपली माहिती कोणत्या कार्यालयाने केव्हा पाहिली, हे नागरिकास पाहता येते. आपल्याकडे जोडणीचे अनुकरण झाले, दर्शनाच्या हक्काचे झाले नाही.

निष्कर्ष व सूचना

१. आधार, शेतकरी ओळख क्रमांक व सभासद क्रमांक या तीन स्वतंत्र ओळखी मानून त्यांची जोडणी करावी; एकीचा अभाव म्हणजे दुसरीचा नकार, असे समजू नये.

२. जोडणी अंतिम करण्यापूर्वी याद्या गावात प्रसिद्ध कराव्यात आणि हरकतीसाठी मुदत द्यावी. वैयक्तिक क्रमांक मात्र यादीत झाकलेले असावेत.

३. न जुळलेल्या प्रत्येक नोंदीचे कारण मराठीत, लेखी आणि ठरावीक दिवसांत शेतकऱ्यास कळवावे. तोवर कर्ज व सवलत अडवू नये.

४. श्रमाने झिजलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, हे लक्षात घेऊन चेहरा, भ्रमणध्वनी संकेत अथवा संचालक मंडळाची साक्ष असे पर्याय प्रत्येक संस्थेत उपलब्ध असावेत.

५. गटसचिव, तपासनीस व बँक अधिकारी यांची खाती स्वतंत्र असावीत, आणि बदली वा निवृत्तीच्या दिवशीच ती बंद व्हावीत.

सहकाराचा पाया परस्परांच्या ओळखीवर घातला गेला. गावातील पंच सभासदाला नावाने ओळखत, त्याची पत जाणत. त्या ओळखीत पक्षपात होता, जात होती आणि वशिलाही होता. म्हणून ती जशीच्या तशी परत आणावी, असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या व्यवस्थेत नाकारलेल्या माणसास कोणाच्या दारात जाऊन भांडावयाचे, हे माहीत होते. नव्या प्रणालीने पक्षपात दूर करताना हे दारही बंद केले, तर बोरी अरबच्या शेतकऱ्यास ती सुधारणा वाटणार नाही. संगणकीय जोडणीची कसोटी जुळलेल्या नोंदींच्या संख्येत शोधू नये. न जुळलेल्या माणसाचे पुढे काय होते, यावरच तिचे मूल्यमापन झाले पाहिजे.